मदत हवी आहे: काजूच्या टरफलांचं धोरण काय लिहू? सोमवारी बँकेत जायचंय

डिचोलीकर: काजूचा कारखाना आहे. टरफलं शेडबाहेर पावसात भिजतायत. येईल त्या ट्रकवाल्याला मिळेल त्या भावाने देतो. टरफलांतून तेल काढायच्या घाण्यासाठी कर्ज मागितलं तर बँकेने पाच वर्षांचं धोरण लिहून मागितलंय. भाऊ म्हणतो, इंडस्ट्रियल इकॉलॉजी लिही, एकाचा कचरा तो दुसऱ्याचा कच्चा माल. त्याने धंद्याला नक्की फायदा काय? लवकर सांगा.

वाळपईचा: महिन्याला टरफल किती? बिया वाफवता की ड्रममध्ये भाजता? भाजत असाल तर बरंचसं तेल तिथेच जळून जातं, घाणा कशाला?

जुना फिटर: घाणा घ्याच. टरफलाचं तेल ब्रेक लायनिंगला, रंगाला, रेझिनला लागतं. उरलेली पेंड बॉयलरला जाते. मी अशा दोन घाण्यांवर काम केलंय.

बागायतदार: फेणीला २००९ साली जीआय (त्या प्रदेशाचाच माल म्हणून नोंद) मिळालं, पण बोंडूचा (काजूच्या फळाचा) रस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्याकडे कोण बघतं? आमच्याकडे तो सडतो. त्याचं खत कोणी केलंय का?

वाळपईचा: त्यासाठी वेगळा धागा काढा हो.

कुंडईकरीण: आम्ही बॉयलर चालवतो. कच्ची टरफलं जाळली की धूर डोळ्यांना झोंबतो, चिमणीत चिकटा बसतो. पेंड चालेल. भिजलेली मात्र अजिबात नको, अर्धी उष्णता पाणी उडवण्यातच जाते.

अभ्यासक: भाऊ म्हणतो त्याचं उदाहरण म्हणून डेन्मार्कचं कालुंबोर्ग शहर बघा. १९७२ मध्ये रिफायनरीचा जादा वायू शेजारच्या जिप्सम बोर्ड कारखान्याने घ्यायला सुरुवात केली. पुढे वीजकेंद्राची वाफ औषध कारखान्याला गेली आणि धुरातलं गंधक काढताना बनणारं जिप्सम त्याच बोर्डवाल्याला. वरून कोणी आराखडा आखला नव्हता. दोघादोघांनी आपापला फायदा बघून करार केले, तसं जाळं वाढत गेलं.

जुना फिटर: डेन्मार्क इथे कशाला? आपला काजू मार्च ते मे. बाकी वर्ष घाणा बंद राहणार.

वाळपईचा: मग घाणा घ्याच असं वर कोणी लिहिलं? आणि कारखाने आफ्रिकेची बी आणून पावसातही चालतात.

डिचोलीकर: लिहायचं राहिलं. वाफवतो. बी बाहेरून येते, बारा महिने काम चालतं. महिन्याला टरफल १५ टन.

वाळपईचा: म्हणजे २५ दिवस धरले तर रोज ६०० किलो. एकट्याने कर्ज काढू नका. शेजारचे कारखाने मिळून एक घाणा घ्या. धोरणात मुख्य गोष्ट हीच लिहा, की पेंड कोण घेणार, किती वर्षं, काय दराने. बँकेला टरफलाचा ढीग तारण वाटत नाही, लेखी गिऱ्हाईक वाटतं. तुमची खरी कमाई तिथे आहे: भाव ट्रकवाला ठरवणार नाही. आणि आधी पत्र्याची शेड. प्रदूषण मंडळाची संमतीही आत्ताच विचारून ठेवा, घाणा आल्यावर नको.

डिचोलीकर: शेजारचे दोघे बोलायला तयार आहेत. कुंडईकरीण, पेंड कोरडी दिली तर वर्षाचं लेखी द्याल का?

कुंडईकरीण: देऊ. वजन कोरडं धरायचं, आधी एक ट्रक जाळून बघणार. व्यक्तिगत निरोप केलाय.