बुद्धिबळाचा हरलेला डाव आधी इंजिनला (चाली तपासणाऱ्या संगणक प्रोग्रॅमला) दाखवायचा की स्वतः बघायचा?

डोंबिवलीचं प्यादं (धागाकर्ता)

मागच्या रविवारी दादरच्या एका हॉलमधल्या रेटिंग स्पर्धेत अकरा-बारा वर्षांच्या पोराकडून हरलो. त्याचं काही नाही, १५००च्या आसपास रेटिंग, म्हणजे साधाच खेळ, असलं की ते अंगवळणी पडतं. सह्या झाल्या, स्कोअरशीट घेऊन बाहेर आलो. म्हटलं पोराबरोबर जरा पोस्टमॉर्टेम करू, म्हणजे डाव पुन्हा मांडून बघू. तर जिन्यातच त्याच्या बाबांनी मोबाइल काढलेला. पोरगा एका हातात वडापाव धरून चाली सांगतोय, बाबा बोटाने मोहरे सरकवतायत. मला बघून पोरगा म्हणाला, "काका, चोविसाव्या चालीला मायनस दोन होतं, म्हणजे तुम्हीच जिंकत होता. हत्तीने सी३चा घोडा मारायचा ना!" मी काळ्याकडून होतो. म्हटलं, का मारायचा? "इंजिन सांगतंय."

परतताना मेगाब्लॉक, त्यामुळे वेळच वेळ. स्कोअरशीटच्या मागे पेन्सिलीने लिहीत बसलो. '१८: घोडा जी५ला येईल म्हणून घाबरलो. २४: काहीच सुचलं नाही, एकोणीस मिनिटं गेली. ३१: इथे हरलो.' दोन दिवसांनी इंजिन लावलं तर ३१ला पट अगदी बरोबरीचा होता. पुढेही बरोबरीचाच. हरलो मी थेट ५८ला, फक्त राजे आणि त्याचं एक प्यादं उरलेलं असताना. प्यादं ई६वर, त्याचा राजा डी५वर, माझा ई७वर. सरळ मागे ई८ला गेलो असतो तर बरोबरी. मी डी८ला गेलो. हे मला येत नाही असं नाही हो, माझ्या पुतण्याला मीच शिकवलंय. पण डोक्यात डाव ३१लाच संपला होता, नंतरच्या चाली मी नुसत्या उरकत होतो. इंजिनने ५८ दाखवली. ३१ पेन्सिलीने दाखवली. लगेच मोबाइलमध्ये घातला असता, तर 'एंडगेमचा (डावाच्या शेवटच्या टप्प्याचा) अभ्यास कमी' एवढाच धडा घेऊन बसलो असतो.

म्हणून माझं म्हणणं: निदान एक दिवस इंजिन लावू नये.

कोडवाला

प्यादेराव, लिहिलंय झकास, पण तुमच्याच गोष्टीत तुमची पेन्सिल चुकली आणि इंजिन बरोबर निघालं! ३१ला हरलो हा तुमचा समज होता, तो मोडला कोणी? स्टॉकफिशने, म्हणजे त्या इंजिनने. फुकट. रविवारी तीन फेऱ्या, सोमवारी ऑफिस. दोन दिवस स्कोअरशीटवर चिंतन करायला वेळ कोणाकडे आहे? लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर 'चुकांतून शिका' म्हणून सोय आहे. ती चूक झालेली जागा दाखवते, उत्तर झाकून ठेवते आणि तुम्हालाच चाल शोधायला लावते. म्हणजे विचार करायचा तो होतोच, फक्त योग्य जागी होतो. ताप आला तर आधी थर्मामीटर लावायचा की आत्मपरीक्षण करायचं?

सिसिलियन मावशी

थर्मामीटर ताप किती ते सांगतो रे, कशाने आला ते नाही.

आता त्या मायनस दोनबद्दल. कोणीच विचारलं नाही म्हणून सांगते. प्लस एक म्हणजे एक प्यादं जास्त, असं आपण अजून धरून चालतो. स्टॉकफिशच्या १५.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२च्या डिसेंबरपासून, प्लस एकचा अर्थ बदलला: स्टॉकफिश स्वतःच्याच तोडीच्या स्टॉकफिशशी खेळला तर जिंकण्याची शक्यता पन्नास टक्के. हिशोब दोन यंत्रांमधला आहे. एकोणीस मिनिटं घालवून घामाघूम झालेल्या १५००वाल्याचा नाही. हत्ती आणि उंट विरुद्ध नुसता हत्ती घ्या, इंजिन बहुतेक जागी ०.००, म्हणजे बरोबरी, दाखवेल. दर चालीला मिळणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या वाढीवर बचाव करून बघा, मग कळेल ते ०.०० कोणाचं.

आणि सी३वर हत्ती देणं हे सिसिलियनमधलं (काळ्याच्या एका ओपनिंगमधलं, म्हणजे सुरुवातीच्या चालींमधलं) रोजचं जेवण आहे. पांढऱ्याने लांब किल्लेकोट केलेला असतो, घोडा गेला की त्याची बी आणि सीवरची प्यादी मोडतात, ई४ उघडं पडतं, राजासमोरची भिंत जाते. पोराला हे एवढं कोणी सांगितलं असतं तर पुढच्या दहा डावांत कामाला आलं असतं. "इंजिन सांगतंय" हे एकाच डावात कामाला येतं, आणि तो डाव होऊन गेलेला असतो.

गुकेश २०२४ला अठराव्या वर्षी विश्वविजेता झाला. २५००च्या घरात जाईपर्यंत त्याला इंजिनपासून लांब ठेवलं होतं, हे सगळीकडे छापून आलंय.

कोडवाला

मावशी, गुकेशला विष्णू प्रसन्न होते शिकवायला. मला कोण आहे? बोरिवलीत चांगला कोच धरायचा तर त्याची तासाची फी आणि माझ्या पोराची ट्यूशन यातलं एकच परवडतं. श्रीमंतांनी इंजिन टाळावं, आम्हाला तोच कोच.

जुना खोडरबर

अरे, तुम्ही पोरं एका दिवसावरून भांडताय. आमच्या वेळी डाव अॅडजर्न व्हायचा, म्हणजे मध्येच थांबवून नंतर पुढे खेळायचा. पुढची चाल गुपचूप लिहून पाकिटात बंद करायची, पाकीट आर्बिटरकडे, आणि घरी येऊन रात्रभर तोच पट. गिरगावात आमच्या चाळीच्या गॅलरीत पट मांडला की शेजारचे दोघे आपसूक यायचे. एक बँकेतला, एक गिरणीतला. गिरणीतला जास्त चांगला खेळायचा. रात्री दीडला वहिनी चहाचं आधण ठेवायची आणि सगळ्यांना शिव्या घालायची. नव्वदच्या दशकात संगणक आले आणि ही पाकिटं गेली. जाणारच होती, रात्री यंत्राने खेळायचं आणि सकाळी माणसाने हलवायचं, याला काय अर्थ?

आपले मुंबईचे प्रवीण ठिपसे १९९७ला ग्रँडमास्टर झाले. त्याच वर्षी मे महिन्यात डीप ब्लू या संगणकाने विश्वविजेत्या कास्पारोव्हला हरवलं. ठिपसेंची पिढी पटावर घासून तयार झाली. जुना विश्वविजेता बोट्विनिक तर म्हणायचा की स्वतःच्या डावांचं विश्लेषण करून ते छापा, म्हणजे चुका लोक काढतील. प्यादेराव इथे तेच करतायत.

कोडवाला

आजोबा, आदर आहेच. पण खरं सांगा, त्या रात्रभरच्या विश्लेषणात चुका किती असायच्या?

जुना खोडरबर

भरपूर! एकदा पहाटे चारपर्यंत जिंकायचा मार्ग शोधला, दुपारी पाकीट फोडलं, तिसऱ्या चालीला माझाच हत्ती गेला. गिरणीवाला आठवडाभर तोंड दाखवत नव्हता. पण ती एंडगेम मला आज झोपेतून उठवलं तरी येते.

अर्धा गुण

मी खेळत नाही, मुलगी खेळते, नऊ वर्षांची. क्लासमधून रात्रीच्या आत इंजिन लावलेला डाव पाठवायला सांगतात. इंजिनने चुकांवर टाकलेली लाल प्रश्नचिन्हं मोजत बसते, "आई, आज सात." डाव जिंकलेला असला तरी सात. आता मी जेवण होईपर्यंत फोन कपाटात ठेवते. चूक की बरोबर मला माहीत नाही.

सिसिलियन मावशी

बरोबर. आणि क्लासला माझ्या नावाने सांगा.

प्यादेराव, एक मात्र तुमचंही पटलं नाही. ओपनिंगसाठी कसला एक दिवस? नवव्या चालीला पुस्तकाबाहेर गेलात तर त्याच रात्री डेटाबेस उघडा, त्यात स्वतः शोधण्यासारखं काही नसतं. राजा-प्याद्याचंही तेच. सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींची उत्तरं साठवलेली टेबलबेस तयार आहेत, तिथे मत नसतं, उत्तर असतं. थांबायचं ते मधल्या डावासाठी.

डोंबिवलीचं प्यादं

ओपनिंगचं मान्य. एंडगेमचं अर्धं मान्य, कारण डी८ला गेलो तेव्हा उत्तर मला माहीत होतं.

कोडवाला

३१ची पोझिशन टाका बरं. इंजिन बंद ठेवून दहा मिनिटं बघतो.

सिसिलियन मावशी

दहा म्हणजे दहा. आणि कोण वरचढ ते दाखवणारी ती बाजूची काळी-पांढरी पट्टी रुमालाने झाक.