पानफिलोवचे 28 वीर: दंतकथा उघडी पडूनही का टिकते?

प्रश्न: 16 नोव्हेंबर 1941 रोजी मॉस्कोजवळच्या दुबोसेकोवो येथे जनरल पानफिलोव यांच्या डिव्हिजनमधील 28 सैनिकांनी 18 जर्मन रणगाडे निकामी करून प्राण दिले, असे सोव्हिएत शाळांत शिकवले जात असे. 1948 च्या लष्करी चौकशीत ही कथा पत्रकारांनी रचल्याचे निष्पन्न झाले. तरीही लोक तिला का धरून आहेत?

प्रतिसाद 1: तो अहवालच दडपला गेला होता. मरणोत्तर ‘सोव्हिएत संघाचा वीर’ ठरलेल्यांपैकी काही जण चक्क हयात होते आणि त्यांतील दोब्रोबाबिनने तर पुढे जर्मनांच्या पोलिसांत चाकरी केली होती. ‘रशिया विशाल आहे, पण माघारीला जागा नाही, मागे मॉस्को आहे’ हे कथेतील राजकीय अधिकारी क्लोच्कोवच्या तोंडचे वाक्य आपणच रचल्याचे वार्ताहर क्रिविट्स्की यांनी चौकशीत कबूल केले. एवढे धारदार वाक्य पाठ झाले की कागदपत्रे विचारतो कोण!

प्रतिसाद 2: मला खरा अन्याय वेगळाच वाटतो. रेजिमेंटचे प्रमुख काप्रोव यांच्या जबानीनुसार त्या दिवशी 28 नव्हे, संपूर्ण कंपनी लढली आणि तिचे शंभराहून अधिक जवान पडले. म्हणजे घडलेले शौर्य कथेपेक्षा मोठे असूनही स्मरणात राहिले ते ठरावीक 28 जणच.

प्रतिसाद 3: सहमत, पण सत्तेचा हात विसरू नये. 2015 मध्ये रशियाच्या राज्य अभिलेखागाराने तो अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा संस्कृतिमंत्री मेदिन्स्की यांनी संचालक मिरोनेन्को यांनाच धारेवर धरले, आणि पुढच्याच वर्षी मिरोनेन्को त्या पदावर नव्हते.