सहा एअरबॅगची सक्ती मागे घेतली, ते चुकलंच ना?

मुलुंडकर
रविवारी बहिणीबरोबर गाडी बघायला गेलो होतो. सेल्समनने तक्ता पुढे केला. बेस मॉडेलच्या रकान्यात एअरबॅग २, त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला ६. फरक दीड लाखाचा, कारण त्या चार एअरबॅग सुट्या मिळतच नाहीत. सोबत सनरूफ आणि मोठा स्क्रीन घ्यावाच लागतो. या गाडीत मागे आई आणि दोन वर्षांचा भाचा बसणार आहेत. आईच्या डोक्याशेजारचा एअरबॅगचा पडदा सनरूफच्या गठ्ठ्यात बांधून विकतात, याचा मला मनापासून राग आला.

कायदा होता होता राहिला. जानेवारी २०२२ मध्ये केंद्राचा मसुदा आला, १ ऑक्टोबर २०२२ पासून सहा एअरबॅग. मग तारीख वर्षभर पुढे गेली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये गडकरींनी सक्ती करणार नाही असं सांगून टाकलं. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपचे, म्हणजे गाडी आपटून तिच्या सुरक्षेला दिलेले, स्टार सुरू झाले, पण चाचणीला गाडी द्यायची की नाही हे कंपनीच्या मर्जीवर.

बेस मॉडेलपर्यंत हमखास पोचतं ते फक्त सक्तीचं असेल तेच. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना. ड्रायव्हरची एअरबॅग, रिव्हर्स सेन्सर आणि ताशी ८० किमीच्या वर वाजणारा बीप जुलै २०१९ पासून. त्याआधी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्याकडच्या पाच छोट्या गाड्या आपटून पाहिल्या. एअरबॅग नसलेली मॉडेलं होती, मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही शून्य स्टार. बाजार आपणहून सुधारेल म्हणणाऱ्यांनी हा निकाल आठवावा.

नालासोपारा पूर्व
तुमचा राग कळतो, पण हिशेब अर्धाच आहे. मी, बायको आणि पाच वर्षांची मुलगी आजही स्कूटरवर फिरतो. पावसाळ्यात हायवेला ट्रक शेजारून गेला की चिखलाचं पाणी मुलीच्या तोंडावर येतं आणि ती माझं शर्ट घट्ट धरते. तीन वर्षं गाडीसाठी पैसे बाजूला टाकतोय. एक एअरबॅग ८०० रुपयांची असं मंत्री म्हणाले होते. पण पडद्यासाठी छताच्या कडेला जागा करावी लागते, सेन्सर, वायरिंग आणि पुन्हा चाचण्या आल्या. ते सगळं माझ्याच हप्त्यात येणार. दोन एअरबॅगची गाडी स्कूटरपेक्षा कितीतरी बरी. सहाची सक्ती करून तुम्ही मला आणखी दोन वर्षं स्कूटरवर ठेवणार.

चाकणची नोकरी, डोंबिवलीचं घर
याच क्षेत्रात काम करतो म्हणून लिहितो. प्रत्येक देशाचा नियम त्याच्या त्याच्या दुखण्यातून येतो. अमेरिकेत घरासमोर गाडी मागे घेताना लहान मुलं चिरडली जात होती, म्हणून मे २०१८ पासून तिथे मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. तिथे एअरबॅगची चाचणी पट्टा न लावलेल्या पुतळ्यावरही होते, कारण लोक पट्टा लावतीलच हे कायद्याने गृहीत धरलं नाही. युरोपचा नियम पट्टा लावलेला माणूस धरून चालतो. तिथे जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारला वेगमर्यादा ओळखून सावध करणारी यंत्रणा आणि आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा आहे.

आपण समोरच्या धडकेची कायदेशीर चाचणी ५६ च्या वेगाने घेतो, स्टारसाठी ६४ ने. दोन्हीकडे पुतळ्याला पट्टा असतो. आता मागच्या सीटवर किती जण पट्टा लावतात ते आठवा. आपल्या दुखण्यावरचा नियम आपल्याला स्वतःच लिहावा लागेल.

मुलुंडकरांशी मात्र एका बाबतीत सहमत. इथे बनलेली गाडी बाहेर पाठवताना तिथल्या कायद्याप्रमाणे जास्त एअरबॅग घालतात आणि इथे कमी, हे खुद्द गडकरींनी जाहीर बोलून दाखवलंय.

कुर्ला गॅरेज
माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत मागचं बक्कल शोधायला सीट कव्हरखाली हात घालावा लागतो. नवी गाडी, महिनाभर जुनी, आणि बक्कल कव्हरखाली गाडलेलं. पुढच्या सीटला पट्टा न लावल्याचा बीप वाजू नये म्हणून नुसती क्लिप खोचलेली. २०२३ मध्ये ग्राहक प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना या क्लिप विकायला बंदी केली, तरी गाड्यांत त्या दिसतातच. सीटच्या बाजूला एअरबॅग असते, त्यावरूनही लोक जाड कव्हर शिवून घेतात. फुटणार कशी?

४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी मर्सिडीज. ते मागे बसले होते आणि पट्टा नव्हता. त्यानंतर १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी सगळ्यांना पट्टा सक्तीचा केला. पहिल्या आठवड्यात लोक कव्हरं फाडून बक्कल काढून घ्यायला आले. नंतर कोणी नाही.

परळची पादचारी
सगळी चर्चा आत बसणाऱ्यांची चाललीय. आमच्या चाळीच्या गल्लीत संध्याकाळी मुलं क्रिकेट खेळतात आणि गाड्या उलट्याच बाहेर निघतात. २०१९ च्या यादीतल्या रिव्हर्स सेन्सरने आमच्या गल्लीत जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशाने पडला नाही. सेन्सर वाजला की काच खाली होते आणि कोणीतरी ओरडतं, "बाजूला व्हा रे!" पण खाली वाकून चेंडू उचलणारं पोर सेन्सरला दर वेळी दिसेलच असं नाही. सक्तीच करायची तर आधी मागचा कॅमेरा करा.

मुलुंडकर
परळच्या ताईंचं म्हणणं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, मान्य. गॅरेजवाल्या दादांचंही पटतं, पण लोक पट्टा लावत नाहीत म्हणून पडदा नको हे मला कळत नाही. पट्टा लावूनही बाजूने धडक बसली तर डोकं काचेवरच जातं. नालासोपाऱ्याच्या भावाला एवढंच विचारतो, सनरूफ वगळून चार एअरबॅग सुट्या द्यायची सक्ती कंपन्यांवर केली तर?

नालासोपारा पूर्व
सुट्या द्यायची सक्ती असेल तर माझा विरोध नाही. त्या वेळी हातात पैसे असले तर मागच्या सीटसाठी नक्की घेईन, मुलगी तिथेच बसणार आहे. नसले तर दोनवर गाडी घेईन आणि तिचा पट्टा रोज मी स्वतः लावीन. पण ते मला ठरवू द्या.