मदत हवी आहे: फोटोतली घुमटाची सरकारी इमारत ठाण्याची का?

नौपाड्यातल्या जुन्या अल्बममधला काळा-पांढरा फोटो, ६ × ९ सेंमी. रस्त्यात ट्रामचे रूळ, वर एकच तार, दोन व्हिक्टोरिया (घोडागाड्या). डावीकडे मोठ्या घुमटाची दगडी इमारत; भिंती काळपट, कडा उजळ. मागे पेन्सिलीने ‘सरकारी कचेरी, ठाणे’. कोर्ट नाक्यावरची असेल का? कडांवर निळसर चकाकी आलीये, ओल्या फडक्याने पुसू का?

प्रतिसाद १
पुसू अजिबात नका. वरचा थर जिलेटिनचा असतो, पाण्याने फुगतो आणि फडक्याला चिकटून निघतो. चकाकी म्हणजे पृष्ठभागावर आलेली चांदी. ती मळ नाही. पानाला चिकटलेला असेल तर उचकटू नका, अख्खं पान स्कॅन करा. १२०० डीपीआय (दर इंचाला तेवढे ठिपके), टिफ फाइल. एवढ्या फोटोचे साधारण २८०० × ४२०० पिक्सेल मिळतात, पाट्या वाचायला पुरेत. चकाकी स्कॅनमध्ये धुरकट दिसलीच, तर दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे ठेवून कॅमेऱ्याने काढा.

प्रतिसाद २
ठाणे विसरा. ठाण्यात रेल्वे १८५३ सालीच आली, पण ट्राम कधीच धावली नाही. रूळ दिसतायत म्हणजे रस्ता बहुधा मुंबईचा. ‘ठाणे’ बहुधा अल्बमवाल्याचं गाव.

घुमटावर पुतळा आहे का बघा. असेल तर बोरीबंदर स्टेशन (आजचं सीएसएमटी), आणि ते १९२५ पर्यंत जीआयपी ही रेल्वे कंपनी चालवायची. घुमट उंच मनोऱ्याच्या डोक्यावर असेल तर महापालिका, १८९३ ची.

धागाकर्ता
पुतळा नाही. मनोराही नाही, घुमट थेट इमारतीवरच, गोल आणि भारदस्त.

प्रतिसाद २
मग जीपीओ, मुंबईचं मुख्य टपाल कार्यालय! वास्तुविशारद जॉन बेगची रचना, विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवर, १९१३ मध्ये पूर्ण. भिंतींना काळा दगड आणि कडांना पिवळा. काळ्या-पांढऱ्यात त्याच त्या उजळ कडा.

प्रतिसाद ३
सहमत, पण आधी फोटो उलटा छापलेला नाही ना ते बघा. पाट्यांची अक्षरं सरळ हवीत, गाड्या रस्त्याच्या डाव्या अंगाने जायला हव्यात. निगेटिव्ह पालथी पडली की डावं-उजवं बदलतं आणि नकाशाशी काही जुळत नाही.

काळ: वर तार म्हणजे विजेची ट्राम, ती ७ मे १९०७ पासून, घुमट १९१३ चा, म्हणजे फोटो त्यानंतरचाच. बस दिसली तर १५ जुलै १९२६ नंतरचा. दुमजली बस असेल तर १९३७ च्या पुढचा. बस नसली म्हणून १९२६ च्या आधीचा ठरत नाही, ट्राम ३१ मार्च १९६४ पर्यंत होती. तेव्हा मोटारींचे आकार आणि पाट्या बघा. स्कॅन टाकलात तर वाचून सांगतो.