बाइंडिंग झालं, तरी तापमान ३२७.६७ का दिसतं?

लॉनवर्क्सवर (इमारतीतली उपकरणं जोडणारं कंट्रोल नेटवर्क) सेन्सरचं आउटपुट कंट्रोलरच्या इनपुटला जोडलंय, म्हणजे बाइंडिंग केलंय; दोन्हीकडे टाइप एसएनव्हीटी_टेम्प_पी, म्हणजे तापमानासाठी ठरलेला डेटा प्रकार. जोडल्यावर २३.४० नीट दिसतं, मग मिनिटभरात ३२७.६७! कालपासून तीनदा बाइंडिंग तोडून पुन्हा केलं. डोकं चालेना झालंय.

उत्तर १: केबल आणि टर्मिनेटर (केबलच्या टोकाला लावतात तो रोधक) तपासलेत का?

उत्तर २: केबल खराब असती तर २३.४० तरी कुठून आलं असतं? बाइंडिंगला हात लावू नका, ते बरोबर आहे. ३२७.६७ म्हणजे ३२७६७ भागिले १००, या टाइपची ‘अवैध’ खूण. कंट्रोलर ठरलेला वेळ वाट बघतो, नवीन किंमत आली नाही की ही खूण लावतो. खोलीचं तापमान स्थिर असेल तर सेन्सर गप्प बसतो, कारण तो फरक पडला तरच पाठवतो. कंट्रोलरचं रिसीव्ह हार्टबीट (किती वेळ वाट बघायची) आणि सेन्सरचं सेंड हार्टबीट (फरक नसला तरी किती वेळानं पाठवायचं) बघून सांगा. मी याच चुकीपायी एकदा अख्खी रात्र घालवलीय, म्हणून कळकळीनं सांगतोय.

प्रश्नकर्ता: रिसीव्ह ६० सेकंद, सेंड शून्य!

उत्तर २: शून्य म्हणजे बंद. सेंड २० करा, म्हणजे एखादा संदेश हुकला तरी चालेल.

प्रश्नकर्ता: केलं. तासभर झाला, २३.४० वर स्थिर आहे. मनापासून आभार.