गोल्डफिशचं 'विसर्जन': तळ्यात सोडणं ही भूतदया नव्हे

गळकरी
आपल्या कॅनडातल्या ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडच्या एका पालकगटात कुणीतरी लिहिलं, 'बाप्पांबरोबर आमच्या गोल्डफिशचंही विसर्जन! मागच्या तळ्यात सोडला, आता बिचारा मोकळा.' खाली बदामांचा पाऊस. ते तळं कसलं आहे, हे एकानेही विचारलं नाही. म्हणून हे लांबण.

पावसाचं रस्त्यावरून वाहून आलेलं पाणी थोपवायला बांधलेलं तळं आहे ते. पाणी नळातून आत येतं, गाळ खाली बसतो, जादा पाणी ओढ्यात आणि ओढा ऑन्टारिओ सरोवरात. कायमचं पाणी मीटर-दोन मीटर. हिवाळ्यात बर्फाखाली प्राणवायू संपला की बाकीचे मासे मरतात, गोल्डफिश तग धरतो. प्राणवायूशिवाय साखर जाळताना तयार होणाऱ्या लॅक्टिक आम्लाचं तो स्नायूंतच अल्कोहोल करतो आणि कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. वसंतात त्याला रान मोकळं. पाणी पंधरा-सोळा अंशांवर गेलं की उथळातल्या पाणवनस्पतींवर चिकट अंडी, तीही एका हंगामात अनेकदा, हजारोंनी. ऊब असेल तर आठवड्याच्या आत पिल्लं. सोडणाऱ्याला वाटतं आपण जीवदान दिलं!

मीनमेख
एकटा मासा सोडला तर वीण कुणाशी होणार, तेवढं सांगा. आणि त्याच सरोवराकाठच्या हॅमिल्टनच्या बंदरात गोल्डफिश माजले म्हणून गळा काढणाऱ्यांनी चेडोक ओढ्याचं प्रकरण आठवावं. 2014 ते 2018, पालिकेच्या सांडपाण्याच्या एका टाकीची झडप किंचित उघडी राहिली आणि 24 अब्ज लिटर सांडपाणी बंदराला लागून असलेल्या कूट्स पॅरडाइजच्या दलदलीत गेलं. झडपेवर गोल्डफिश बसला होता का? पालिकेचं पाप माशाच्या माथी मारू नका.

गळकरी
एकटा? अख्ख्या वस्तीत तुम्हीच एक दयाळू आहात असं समजता का? प्रत्येक घरचा 'एकटा' एकाच तळ्यात येतो.

सांडपाण्याने फॉस्फरस, म्हणजे शेवाळाचं खतच, आला, मान्य. पण तो तळाच्या गाळात बसू द्यायचा की रोज ढवळायचा? गोल्डफिश गाळ तोंडात घेतो, अळ्या-किडे गिळतो, उरलेला थुंकतो. पाणवनस्पती मुळासकट उपटल्या जातात, पाणी गढूळ होतं, ऊन तळापर्यंत पोचत नाही, मग नवी वनस्पती रुजत नाही आणि शेवाळ फोफावतं. कूट्स पॅरडाइजच्या तोंडाशी 1990च्या दशकापासून मासेरोधक आहे. त्याच्या गजांत साधारण 5 सेंटीमीटरची फट. मोठा कार्प (गोल्डफिशचाच थोराड भाऊबंद) अडतो, लहान गोल्डफिश सटकतो. फट कमी केली तर स्थानिक लहान मासेही अडकतील. कार्पसाठी केलेला बंदोबस्त गोल्डफिशला लागू पडत नाही, तो असा.

ओंजळभर
'तळ्यातला तळ्यातच राहतो' म्हणणाऱ्यांसाठी: पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या व्हास नदीत मर्डॉक विद्यापीठाच्या लोकांनी गोल्डफिशना माग काढणारी यंत्रं लावली. एक मासा वर्षभरात 230 किलोमीटरहून जास्त हिंडला, आणि विणीच्या दिवसांत मासे नदी सोडून बाजूच्या पाणथळीत गेले.

मीनमेख
व्हास नदी गोठत नाही हो. तिकडचा आकडा इकडे चिकटवू नका. हिंडतो एवढं धरून चालतो, हवं तर पेढे वाटा. पण लोक ज्याला गोल्डफिश म्हणून बोंबलतात त्यातले निम्मे कार्पच असतात. तपकिरी मासा दिसला की झालं!

ओंजळभर
उलटंच होतं बहुतेकदा. गोल्डफिशची पिल्लं मुळात काळपट-तपकिरीच असतात, केशरी रंग नंतर चढतो. केशरी मासा बगळ्याला लांबून दिसतो, त्यामुळे उघड्या पाण्यात पिढ्यांमागून पिढ्या शेवाळी रंगाचेच टिकतात. रंगावर जाऊच नका. तोंड बघा: कार्पला मिशांच्या दोन जोड्या, गोल्डफिशला एकही नाही. मग अंगावरच्या मधल्या रेषेतले खवले मोजा. तिशीच्या आत-बाहेर थांबले तर गोल्डफिश, पस्तिशीच्या पुढे गेले तर कार्प. एकच बारीक, खुरटी जोडी असेल तर संकर. पाठीच्या पराच्या पहिल्या काट्याला दोघांच्याही करवतीसारखे दात असतात, त्यावरून काही ठरत नाही.

भीमाकाठ
तुमच्या सरोवराचं ठीक आहे, आमच्या उजनीत येऊन बघा. टाकीची काच साफ करतो म्हणून आणलेला सकर मासा कुणीतरी सोडला, आता जाळ्यात येतो. अंगावर चिलखत, परांना काटे, असा गुंततो की जाळं कापावं लागतं. खायला कुणी घेत नाही. चिलापी निदान विकली तरी जाते. त्यावर असा धागा निघत नाही कधी!

खलबत्ता
काढा की तुम्हीच. मुद्द्यावर या: मासा नकोसा झाला तर करायचं काय? सरळ फ्रीझरमध्ये ठेवावा. थंड रक्ताचा प्राणी, झोपेत जातो.

काचघर
हे वाचून डोकं फिरलं. अहो, जो मासा बर्फाखाली महिनोन् महिने काढतो त्याला तुम्ही गारठवून 'झोपवणार'? तो शुद्धीवर राहतो आणि अंगात बर्फाचे कण धरतात. गारठवणं झेब्राफिशसारख्या इवल्या, गरम पाण्यातल्या माशांपुरतं ठीक. आणि संडासात सोडून पाणी ओढणं हा तर निव्वळ पळपुटेपणा.

लवंगेचं तेल आणा, औषधाच्या दुकानात मिळतं. ते पाण्यात विरघळत नाही, तवंग धरतं, आणि तवंगाखाली मासा तडफडतो. म्हणून लहान बाटलीत कोमट पाणी आणि तेल घालून दुधाळ होईपर्यंत हलवायचं. मासा त्याच्याच टाकीतल्या पाण्यात, मोजून घेतलेल्या. आधी लिटरला दोन-तीन थेंब, हळूहळू ओतत. तो कलंडला, शेपूट चिमटीत धरली तरी हलला नाही की आणखी, एकूण लिटरला 0.4 मिली होईल इतकं. कल्ल्यांची हालचाल थांबली म्हणजे संपलं असं नाही, हृदय चालू असतं. निदान अर्धा तास तसाच ठेवा. फ्रीझर त्यानंतर.

खलबत्ता
एवढं सोवळं? रविवारी सुरमई चापताना कुणी तिला लवंग हुंगवतं का?

काचघर
सुरमई तुम्ही पाळली नव्हती.

मीनमेख
मारायची घाई कशाला? पुष्कळ दुकानं मासा परत घेतात, पैसे देत नाहीत इतकंच. मत्स्यालयवाल्यांचे क्लब आहेत. आणि मुळात काचेच्या वाडग्यात विकतातच का हा मासा? सरळ शेपटीचा गोल्डफिश फूटभर होतो, त्याला हजारेक लिटरचा हौद लागतो. वाडग्यात चार दिवसांत अमोनिया साचतो, मासा वर येऊन हापापतो, घरचे कंटाळतात, मग 'विसर्जन'. दुकानदाराला कुणी जाब विचारत नाही.

गळकरी
शेवटी सोडू नये यावर आलातच की! कायद्यानेही सोडता येत नाही: कॅनडाच्या 2015च्या केंद्रीय नियमांनुसार परवानगीशिवाय परका जलचर सोडणं गुन्हा आहे. आमिष म्हणून जिवंत गोल्डफिश गळाला लावायलाही ऑन्टारिओत बंदी आहे.

मीनमेख
यावर आलो नाही, इथेच होतो. तुमचा सूर खटकला. बरं, सोडलेले बाहेर काढणार कसे? तळं उपसून टाका म्हणणं सोपं.

ओंजळभर
सोपं मुळीच नाही, म्हणून तर सोडू नका. उपसताना पंपाच्या तोंडाला बारीक जाळी हवी, नाहीतर पिल्लं उपशाच्या पाण्यासोबत थेट ओढ्यात. पाणी उतरलं की मोठे मासे आतल्या नळात आणि गाळातल्या डबक्यांत दडतात, तिथून हाताने काढावे लागतात. उन्हाळ्यात उपसाल तर नखाएवढी पिल्लं जाळीतून निसटतील. शरदात उशिरा उपसा आणि तळ गोठू द्या. रोटेनोन, म्हणजे मासे मारायचं विष, टाकायचं तर परवानाधारकच हवा. ते कल्ल्यांवाटे शिरतं, सगळेच मासे मारतं, गोल्डफिशला ट्राउटपेक्षा जास्त मात्रा लागते आणि अंडी वाचू शकतात. पुढे जाणारं पाणी पोटॅशियम परमँगनेट घालून निर्विष करावं लागतं, तो खर्च वेगळा.

काचघर
आणि टाकी रिकामी करताना पाणी रस्त्याकडेच्या जाळीत ओतू नका, ते न गाळता त्याच तळ्यात जातं. घरातल्या मोरीत किंवा बागेतल्या मातीत ओता. पाणवनस्पती वाळवून कचऱ्यात. त्यांच्या पानांना अंडी चिकटलेली असतात.