मदत हवी आहे : १२०९ साली बुडालेल्या 'विभव' जहाजावरच्या माणसांची यादी (तातडीचे!)

धागाकर्ता : देवगडचा_बाळ्या

नमस्कार मंडळी. आमचे एक पूर्वज 'विभव' नावाच्या जहाजावर तांडेल (खलाशांचे म्होरके) होते. विलायतेला जाताना जहाज तुफानात बुडालं. घरी मोडी कागद आहे. जहाज कुठे बुडालं आणि त्यावर कोण कोण होतं याची यादी कुठे मिळेल? आमचा कुलवृत्तांत छपाईला जातोय, छापखानेवाला सोमवारी फायनल फाइल मागतोय. गूगल करून झालंय, काही सापडत नाही. कृपया 'गूगल करा' असं सांगू नये.

चिकित्सक

१२०९ साली? म्हणजे देवगिरीला यादव राज्य करत होते तेव्हा? तेव्हा विलायतेला कोण चाललं होतं? वास्को द गामा यायला अजून तीनशे वर्षं होती.

देवगडचा_बाळ्या

मला काय विचारता, कागदावर तसं आहे. पणजोबांनी समासात शाईने १२०९ लिहून ठेवलंय. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे की ही इंग्रजांच्या वेळची गोष्ट आहे.

सागरवेडा

मग १८०९ असेल. ८ चा २ झाला असेल. आणि १८०९ असेल तर उत्तर माझ्याकडे तयार आहे. नोव्हेंबर १८०८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची 'ग्लोरी', 'लॉर्ड नेल्सन' आणि 'एक्सपेरिमेंट' ही तीन जहाजं हिंदुस्थानातून इंग्लंडला परतताना वादळात गडप झाली. पुढे मार्च १८०९ मध्ये दुसऱ्या ताफ्यातली आणखी चार : 'कलकत्ता', 'बेंगाल', 'जेन डचेस ऑफ गॉर्डन' आणि 'लेडी जेन डंडास'. सातही जहाजांवरचा एक माणूस परत आला नाही. कुठे बुडाली हेसुद्धा कुणी पाहिलं नाही, सोबतच्या जहाजांना सकाळी ती दिसेनाशी झाली एवढंच. तुमचे पूर्वज यातल्याच एकावर असणार. विभव म्हणजे वैभव, वैभव म्हणजे ग्लोरी. बघा, जुळलं!

देवगडचा_बाळ्या

अरे वा! धन्यवाद! 'ग्लोरी'वरची यादी कुठे मिळेल?

चिकित्सक

थांबा हो, लगेच छापू नका. 'विभव'चं भाषांतर 'ग्लोरी', हा कुठला न्याय? तांडेल काय जहाजाचं नाव भाषांतर करून घरी सांगायचा? आमच्याकडे खलाशी 'व्हिक्टोरिया'ला 'इक्टोरी' म्हणतील, 'विजया' म्हणणार नाहीत. शिवाय ही सगळी बंगाल-मद्रासकडून निघालेली जहाजं. त्यांवर लष्कर म्हणजे देशी खलाशी भरले ते बहुतेक चितगाव-नोआखालीकडचे. देवगडचा माणूस तिथे कशाला जाईल?

सागरवेडा

कोकणातले खलाशी जगभर गेलेत. तुम्हाला समुद्र माहीत नाही, तुम्ही पुण्यात बसून बोलता.

चिकित्सक

मी डोंबिवलीत बसून बोलतो.

अण्णा_दर्यावर्दी

मुळात तेव्हा एवढी जहाजं का बुडायची हे कुणी लक्षात घेत नाही. वादळ हे निमित्त. खरं कारण रेखांश! अक्षांश सूर्यावरून काढता येतो, पण रेखांशाला अचूक घड्याळ लागतं, आणि ते क्रोनोमीटर महाग. 'आर्निस्टन'चं उदाहरण घ्या. १८१५ साली सिलोनहून जखमी सैनिक, बायका-मुलं घेऊन इंग्लंडला निघालं. जहाजावर क्रोनोमीटर नाही. ताफ्यापासून तुटलं आणि अंदाजपंचे चालत राहिलं. कप्तानाला वाटलं आपण आफ्रिकेचं टोक ओलांडून पश्चिमेला आलो, म्हणून त्याने उत्तरेकडे वळवलं. प्रत्यक्षात ते अजून अगुल्हास टोकाच्या पूर्वेलाच होतं! ३० मे रोजी खडकावर आदळलं. ३७८ माणसांतली ६ वाचली. सहा! एका घड्याळापायी. त्या किनाऱ्यावरच्या गावाला आजही आर्निस्टन म्हणतात. मी स्वतः ३१ वर्षं व्यापारी जहाजांवर काढली आहेत, आता मुलं मोबाइलवर जीपीएस बघतात आणि समजतात आपल्याला समुद्र कळतो.

देवगडचा_बाळ्या

अण्णा, माहिती छान आहे, पण मला यादी हवी आहे.

कोकणकन्या७३

माझे आजोबा 'रामदास' बोटीवर जाणार होते, ताप आला म्हणून राहिले. १७ जुलै १९४७, रेवसला जाताना उलटली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आजी दर वर्षी त्या दिवशी समुद्राला नारळ द्यायची. धागा वाचून डोळे भरून आले.

थेम्सकाठचा

नमस्कार, मी इंग्लंडात असतो. कंपनीच्या जहाजांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. जहाजाच्या रोजनाम्या, पगाराच्या वह्या, सगळं जपून ठेवलंय. पण दोन गोष्टी सांगतो. एक, जहाज बुडालं की त्यावरची रोजनामी त्याच्याबरोबरच जाते. दोन, गोऱ्या खलाशांची नावं सापडतील, पण देशी खलाशांच्या बाबतीत बऱ्याचदा नुसता आकडा किंवा सारंगाचं (देशी खलाशांच्या मुकादमाचं) नाव. माणसं पुरवायचा घाट-सारंग, पैसे घ्यायचा तोच, नावं त्याच्या डोक्यात. 'लॉइड्स लिस्ट'चे जुने अंकही बघता येतात, त्यात कुठलं जहाज कुठे फुटलं याची बातमी असते. पण जहाजाचं नाव, कप्तानाचं नाव, निघाल्याचं बंदर, यातलं काहीतरी हवं. यातलं काय आहे तुमच्याकडे?

(वेमथला फिरायला गेलो की मला नेहमी 'अर्ल ऑफ अॅबरगव्हेनी' आठवतं. फेब्रुवारी १८०५ मध्ये बंगाल-चीनकडे निघालेलं हे जहाज किनारा दिसत असताना बुडालं, अडीचशेहून जास्त माणसं गेली. कप्तान कवी वर्ड्सवर्थचा सख्खा भाऊ होता. तोही गेला.)

देवगडचा_बाळ्या

नाव 'विभव' हे आधीच लिहिलंय. बंदर मुंबई असावं. कप्तान माहीत नाही.

पारशी_वाड्यातला

मुंबईचं जहाज असेल तर ते सागवानी असणार, वाडियांनी बांधलेलं. जमशेटजी बमनजींनी १८१० मध्ये इंग्रज आरमारासाठी 'मिंडेन' बांधली, ७४ तोफांची. १८१७ ची 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. ओकची जहाजं कुजायची, सागवान कुजत नाही. त्यामुळे मला बुडालं यावरच शंका आहे.

चिकित्सक

सागवानाला भोक पडलं तर पाणी काय परवानगी विचारून आत येतं?

सागरवेडा

तो मुद्दा मात्र बरोबर आहे, बुडालंच कशावरून? तेव्हा मॉरिशस फ्रेंचांकडे होतं, डिसेंबर १८१० पर्यंत. तिथून त्यांची लुटारू जहाजं हिंदी महासागरात फिरायची. त्यांच्यातल्या सुरकूफ नावाच्या कप्तानाने तर १८०० साली कंपनीचं 'केंट' धरलं होतं. पूर्वज मॉरिशसला पकडून नेले असतील आणि तिथेच संसार थाटला असेल! आजही तिथे मराठी लोक आहेत.

चिकित्सक

मॉरिशसचे मराठी पुढे ऊस तोडायला गेलेले. आणि तीन प्रतिसादांपूर्वी तुम्ही त्यांना 'ग्लोरी'वर बुडवलं होतंत.

मालवणी_मसालो

रे बाबा, आधी कागदाचो फोटो टाक मरे. हय सगळे जण न बघताच जहाज बुडवतत.

मोडीवाचक

हेच लिहायला आलो होतो. धागाकर्ते, कागदावर 'विभव'च्या पुढे-मागे काय आहे? आणि पणजोबांनी १२०९ ज्या शब्दांशेजारी लिहिलंय ते शब्द कोणते? जसे दिसतात तसे टंका, अर्थ लावू नका.

देवगडचा_बाळ्या

मला मोडी येत नाही. चुलत्यांनी वाचलेलं वहीत आहे : "शके १७३० विभवनाम संवछरे कार्तिक वद्य" पुढे तिथी फाटली आहे. त्याखाली "तिसा मयातैन व अलफ", तिथेच १२०९ लिहिलंय. शके वगैरे तर प्रत्येक कागदावर असतं म्हणून लिहिलं नव्हतं.

मोडीवाचक

अहो, मग सगळा उलगडा तिथेच आहे!

'विभवनाम संवत्सरे' म्हणजे विभव नावाचं संवत्सर. साठ संवत्सरांतलं दुसरं. प्रभव, विभव, शुक्ल... शके १७३० ला विभवच येतं. ते वर्षाचं नाव आहे, जहाजाचं नाही.

'तिसा मयातैन व अलफ' हा अरबी सुहूर सन. तिसा नऊ, मयातैन दोनशे, अलफ हजार. १२०९. पणजोबांनी अचूक लिहिलंय. पेशवाईतल्या कागदांवर हाच सन असतो, मृगापासून सुरू होतो म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. यात कार्तिकासाठी ५९९ मिळवा : १८०८. शके १७३० मध्ये ७८ मिळवा : १८०८. दोन्ही जुळतात. कार्तिक वद्य म्हणजे नोव्हेंबर १८०८ चा पूर्वार्ध.

सागरवेडा

नोव्हेंबर १८०८! मी काय सांगत होतो! 'ग्लोरी'!!

चिकित्सक

अहो, ती जहाजं बुडाली नोव्हेंबरातच, विषुववृत्ताच्या पार खाली. ती खबर त्याच पंधरवड्यात देवगडला कशी पोचली? आगबोटी नव्हत्या, तारा नव्हत्या. ज्या तुफानाची बातमी कार्तिकातल्या कागदात आहे ते तुफान इथलंच, आपल्या किनाऱ्याजवळचं.

अण्णा_दर्यावर्दी

याला मी दुजोरा देतो. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळं होतात. नारळी पौर्णिमेनंतर गलबतं बाहेर पडलेली असतात, आणि नेमकं अशा वेळी झोडपतं. पण क्रोनोमीटरचा मुद्दा मी सोडलेला नाही.

मालवणी_मसालो

अण्णानू, देवगडसून मुंबयेक जावक किनारो दिसता. घड्याळ कित्याक व्हया?

देवगडचा_बाळ्या

म्हणजे जहाजाचं नावच नाही? कुलवृत्तांताच्या मुखपृष्ठावर तीन डोलकाठ्यांचं इंग्रजी जहाज घेतलंय, खाली 'विभव' असं नाव टाकून. मुखपृष्ठ छापून झालंय हो! विलायतेचं काय मग? ते तर आत्या नेहमी सांगायची.

मोडीवाचक

विलायत कागदात आहे का?

देवगडचा_बाळ्या

ते चुलत्यांच्या वहीत नाही. फोटो चढवतोय, नीट दिसत नसेल तर सांभाळून घ्या.

[फोटो]

मोडीवाचक

बऱ्यापैकी लागतंय. मला लागलं ते असं : "...गलबत मुंबईकडे जात असतां तुफान होऊन फुटले. माणूस असामी ११ पैकीं ४ तडीस लागली, बाकी दर्यांत गेलीं... तांडेल याचे कबिल्यास पोटास..." आणि पुढे "बालप" एवढंच दिसतं. त्यावर तुमचा अंगठा आहे.

'बालप' म्हणजे 'बालपरवेशी' असेल तर गोष्ट वेगळी होते. सरकारच्या चाकरीत माणूस कामी आला की त्याच्या बायका-मुलांना पेशव्यांच्या सरकारातून जी नेमणूक मिळायची ती बालपरवेशी. म्हणजे हा खाजगी मालाचा तांडेल नव्हे, सरकारी चाकर असण्याची शक्यता. १८०८ मध्ये तुमच्या बाजूला विजयदुर्गाचा सुभा आणि धुळपांच्या हाताखालचं पेशव्यांचं आरमार होतं. विजयदुर्ग इंग्रजांकडे गेला १८१८ ला.

तसं असेल तर लंडनला काही मिळायचं नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, तिथे विजयदुर्ग सुभ्याचे, आरमाराचे कागद शोधायला लागतील. तिथे असामीवार हिशेब मिळाला तर नावं निघतील. ब्रिटिश लायब्ररीत गोऱ्यांची नावं आणि आपल्यांचा आकडा, पण आरमाराच्या पगाराच्या हिशेबात खलाशाचं नावही असायला हवं, त्याला पैसे मोजून द्यायचे होते.

चिकित्सक

'बालप' वरून एकदम आरमार? 'बाळाप्पा'सुद्धा असू शकतं. सावकाराचं नाव.

मोडीवाचक

असू शकतं. म्हणूनच म्हणतो, अंगठा काढून फोटो टाका. आणि कागदाच्या पाठीवर काही आहे का? शिक्का, मोर्तब, 'पैवस्ती'ची म्हणजे कागद पोचल्याची नोंद? ते असेल तर कागद कुणाच्या कचेरीत पोचला ते कळेल.

पारशी_वाड्यातला

आरमाराची गलबतंसुद्धा सागवानीच असायची.

थेम्सकाठचा

माझी लंडनची फेरी वाचली म्हणायची. मोडीवाचक, सुहूर सनाचं कोष्टक वेगळ्या धाग्यात टाका ना, माझ्याकडेही सासऱ्यांचे दोन कागद पडून आहेत.

देवगडचा_बाळ्या

कागद माझ्याकडे नाही, चुलत्यांकडे आहे. मी गणपतीत गेलो होतो तेव्हा घाईत काढलेला फोटो आहे. पाठीमागे काहीतरी गोल डाग होता, मला वाटलं चहाच्या कपाचा. चुलत्यांना सकाळपासून फोन लावतोय, उचलत नाहीत. आज आठवड्याचा बाजार, बहुतेक मोबाइल घरी ठेवून गेलेत.

सागरवेडा, तुमच्या सांगण्यावरून दुपारी मी कुटुंबाच्या ग्रुपवर 'ग्लोरी' टाकलं होतं. आत्याने पुढे सत्तर जणांना पाठवलंय.

सागरवेडा

फोटोत पाठचा डाग नीट आला की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फ्रेंच शिक्काही असू शकतो.

कोकणकन्या७३

कुलवृत्तांत विकत मिळणार आहे का? माझं आजोळ मिठबावचं. किंमत किती?